डब्यांवरच्या झुली

आमच्या पतसंस्थेतले जुने संगणक काढून त्यांच्या जागी छोटे डबे बसवायचं ठरलं, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मी हिशेब विभाग सांभाळतो. संगणकाच्या पोटातलं मला काही कळत नाही, हे मी संचालक मंडळाला स्पष्ट सांगितलं. त्यावर मंडळाचं म्हणणं पडलं की, ज्याला कळतं तो खर्च वाढवतो, तेव्हा तुम्हीच बघा.

माझी सवय अशी की नवीन वस्तू आधी मोजायची आणि मग वापरायची. पहिला डबा आला तसा मी तो एका संध्याकाळी घरी नेला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. अर्धा किलो साखरेच्या पुड्यापेक्षा थोडा जास्त भरला. जुन्या खोक्याच्या एक दशांशही नाही. बायको कणीक मळता मळता बघत होती.

"एवढ्याशा डब्यात काय असणार?" तिनं विचारलं.

"काहीच नसतं. तेच तर वैशिष्ट्य आहे."

"मग रिकामा डबा वजन करायला आणलात होय?"

डबे पुरवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरनं मला जे समजावलं होतं ते मी तिला समजावलं. खरा मोठा संगणक एकच, तो औरंगपुऱ्यातल्या आमच्या मुख्य कार्यालयात. सगळ्यांचं काम त्याच्यात होतं आणि त्याच्यातच राहतं. शाखेतल्या टेबलावर फक्त हा डबा, एक पडदा आणि टंकायची पाटी. डबा बंद पडला, चोरीला गेला, त्याच्यावर चहा सांडला, तरी काम जागच्या जागी शाबूत. दुसऱ्या डब्यावर बसायचं, आपलं नाव घालायचं, की आपला अर्धवट राहिलेला आकडा तिथंच वाट बघत असतो.

कर्मचाऱ्यांच्या बैठकीत मी याला सोपी उपमा दिली. म्हटलं, टाकी औरंगपुऱ्यात आहे आणि आपल्या टेबलावर नुसता नळ आहे. आमच्या शहरात नळाची उपमा द्यायला नको होती. खुलताबाद शाखेचे शिपाई, ज्यांना लहानथोर सगळेच मामा म्हणतात, मागच्या बाकावरून बोलले, "म्हंजी साहेब, आठवड्यातून एकदाच येनार का? मग आपन भांडी भरून ठिवू."

त्यानंतरचं माझं सगळं विवेचन हशात वाहून गेलं.

सुरुवात मुख्य कार्यालय, करमाड आणि खुलताबाद इथं करायची होती. नवी पद्धत दोन्ही शाखांत सुरळीत चालली तर पुढं सगळीकडे. खुलताबादला मात्र यात एक वेगळी मेख होती. डोंगरावरची ती शाखा लहान. ती बंद करून औरंगपुऱ्यात मिळवून टाकावी, असं काही संचालकांच्या मनात बरेच दिवस होतं. आमच्या अध्यक्षांनी, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, तोडगा काढला होता. नवी मशिनं तिथं चालली तर शाखा राहील. नाही चालली तर खाली आणू.

खुलताबादच्या शाखाधिकारी म्हणजे आपा. त्यांना गिऱ्हाईकंही आपाच म्हणतात, हिंदू असोत की मुसलमान. शाखेच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. घरात त्या आणि त्यांची आई, दोघीच. आई खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. दुपारच्या सुट्टीत आपा घरी जायच्या, आईला हातानं भरवायच्या, कूस बदलून द्यायच्या आणि परत टेबलावर हजर. शाखा औरंगपुऱ्यात गेली तर आपांना सकाळी घाट उतरून यायचं आणि अंधार पडता पडता परत जायचं. मग दुपारचा घास कोण भरवणार? त्या तसं बोलल्या नाहीत कधी. फक्त डबे बसवायच्या दिवशी इंजिनिअरच्या शेजारी उभं राहून प्रत्येक शब्द ऐकत होत्या.

इंजिनिअर फार बोलला नाही. "याच्यात पंखा नाही, म्हणून आवाज नाही," तो म्हणाला. "वर ही बारीक भोकं आहेत. यांच्यात धूळ जाऊ देऊ नका. बाकी काही बघावं लागत नाही." आणि गेला.

करमाडलाही त्यानं हेच सांगितलं होतं. तिथं कोणी मनावर घेतलं नाही. जालना रोडवरून दिवसभर ट्रक जातात आणि त्या रस्त्याची निम्मी धूळ आमच्या शाखेत खातेदार असल्यासारखी येऊन बसते. मी गेलो तेव्हा एका डब्यावर पाण्याची बाटली होती, दुसऱ्यावर कोणाचं तरी हेल्मेट, आणि तिसऱ्यावरच्या धुळीत कोणीतरी बोटानं "पुसा" असं लिहून ठेवलं होतं. पुसलं कोणीच नव्हतं. डबे मात्र बिनतक्रार चालत होते.

खुलताबादला काचेसारखी स्वच्छता. आणि तिथून रोज फोन.

"साहेब, गेले."

"काय गेलं?"

"तिन्ही गेले."

"कसे गेले?"

"जैसा आदमी जाता वैसाच. बोलता बोलता."

सकाळी सगळं ठीक चालायचं. ऊन चढलं की एकेक पडदा काळा व्हायचा. आपा आणि मामा चहा घ्यायचे, थोडं थांबायचे, बटण दाबायचे, की पुन्हा चालू. काम काहीच हरवायचं नाही, पण खिडकीसमोर रांग उभी असायची आणि रांगेतले लोक काय काय हरवलं असेल याची मोठ्यानं चर्चा करायचे.

इंजिनिअर म्हणाला, आमच्याकडून सगळं हिरवं दिसतंय, लाईन बघा. लाईनवाले म्हणाले, लाईन उत्तम आहे, डोंगरावर माकडं वायर ओढतात. हे मामांना फार लागलं. "माकडं हितं माझ्या आज्याच्याबी आधीपासून हायती," ते मला फोनवर म्हणाले. "त्यांनी आजवर कोनाचा येवहार बंद पाडला नाय."

मग मीच जायचं ठरवलं. जाण्याआधी नियमाप्रमाणे फोन केला, कारण न सांगता जाऊन कर्मचाऱ्यांना दचकवणं मला पसंत नाही. पोचलो तर तिन्ही डबे ओळीत, पुसून लख्ख, पडद्यांवर आकडे. मी शाखा बंद होईपर्यंत बसलो. एकही डबा हूं की चूं न करता चालला. आपा ओशाळल्या. रोज ओरडणारं मूल पाहुण्यांसमोर गप्प बसल्यावर आई होते तशा.

"साहेब, खोटं नाही सांगत मी," त्या म्हणाल्या.

"तुमी आलं की बरं वाटतंय ह्याला," मामा म्हणाले. "डागदर दारात आला की ताप उतरतो, तसंच. तुमी इथंच ऱ्हावा साहेब. खोली बघतो."

दुसऱ्या खेपेलाही हेच झालं. फक्त निघताना आपांनी माझ्या हातात एक पिशवी दिली. आत दोन छोटी आच्छादनं होती, हिमरूच्या रेशमी कापडाची. त्यांच्या सख्ख्या मामूंच्या दुकानातले उरलेले तुकडे, त्यावर वेलबुट्टी, आतून जाड अस्तर, कडेला गोट, आणि वायर बाहेर यायला काज केलेलं. टाके असे की मोजावेसे वाटले.

"इंजिनिअरनं सांगितलं ना, धूळ नको," आपा म्हणाल्या. "आमच्या तिन्ही डब्यांना आल्या आल्याच शिवली. एक तुमच्या डब्याला, एक अण्णासाहेबांच्या."

मला फार बरं वाटलं. आमच्या घरी फ्रिजच्या मुठीलाही कव्हर आहे आणि माझ्या स्कूटरच्या सीटवर शोरूममधलं प्लास्टिक अजून आहे. वस्तू जपणारा माणूस दिसला की मला त्याच्याबद्दल आपोआप आदर वाटतो. माझं कव्हर मी औरंगपुऱ्यात नेऊन रोज संध्याकाळी डबा बंद केल्यावर त्याच्यावर घालू लागलो आणि सकाळी काढून घडी करून खणात ठेवू लागलो. टाईपरायटरच्या काळापासून आमची ही शिस्त आहे. अण्णांच्या केबिनमध्ये त्यांचं कव्हर शिपायानं घातलं आणि ते तिथंच शोभून राहिलं.

खुलताबादचे फोन थांबले नाहीत. मी तिसऱ्यांदा गेलो. डबे तिसऱ्यांदा गुणी मुलांसारखे वागले. अण्णांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "करमाड चालतं, खुलताबाद चालत नाही. आता पुढच्या सभेत विषय घेऊन टाकू. आपाबाईंना इथं चांगली खुर्ची देऊ." ते वाईट माणूस नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की चांगली खुर्ची दिली म्हणजे झालं.

त्या आठवड्यातल्या शनिवारी बायकोला मारुतीच्या दर्शनाला खुलताबादला जायचं होतं. दर्शन झालं, ऊन मी म्हणत होतं, आणि ती म्हणाली की तुमच्या त्या आपा इथंच असतात ना, एकदा भेटू तरी. मी तिला म्हटलं की माझ्या रजेच्या दिवशी शाखेत जाणं माझ्या तत्त्वात बसत नाही. ती म्हणाली, तत्त्व बाहेर उभं राहू दे, मी आत जाते.

आम्ही आत शिरलो आणि आपा खुर्चीवरून ताडकन उठल्या. नमस्कार करायच्या आधी त्यांचे हात डब्यांकडे गेले. तिन्ही डब्यांवर हिमरूची आच्छादनं घातलेली होती. वायरी काजांतून नीट बाहेर आलेल्या, शेजारी पडदे चालू. भर दुपारी. आपा घाईघाईनं एकाची नाडी सोडू लागल्या.

"अहो, राहू द्या ना. किती सुंदर आहेत," बायको म्हणाली.

"नको नको. साहेब आल्यावर झाकून ठेवलेलं बरं नाही दिसत," आपा म्हणाल्या. "साहेबांचा फोन आला की आम्ही आधी हे काढून ठेवतो."

"पोळ्याच्या बैलाची झूल हाय ती वहिनी," मामा म्हणाले. "फक्त हितं उलटं हाय. पावना आला की उतरवायची."

मी जागच्या जागी उभा होतो. माझ्या डोक्यात एक बेरीज हळूहळू जमत होती, पण हातचा सापडत नव्हता. तो बायकोनं दिला. कापडाचा पोत बघायला तिनं एका डब्यावर तळहात ठेवला आणि झटकन उचलला.

"अगं बाई, हा तर तव्यासारखा तापलाय."

बायकोच्या पर्समध्ये सुईदोऱ्यापासून थर्मामीटरपर्यंत सगळं असतं. अंदाजावर बोलणं मला आवडत नाही, म्हणून मी थर्मामीटर मागितला आणि त्याचं टोक आच्छादनाखाली सरकवलं. तो बराच वेळ विचार करून पीप पीप वाजला. आकडा आलाच नाही. आकड्याच्या जागी त्यानं नुसती एक खूण दाखवली, जिचा अर्थ आहे की हा ताप माझ्या मापाच्या बाहेरचा आहे.

"मानूस असता तर रिक्षात घातला असता," मामा म्हणाले.

आम्ही तिन्ही झुली उतरवल्या. वरची बारीक भोकं, ज्यांतून डब्याच्या पोटातली उष्णता बाहेर पडायची, ती जाड अस्तरानं बंद होती. सकाळी डोंगरावरची हवा गार, म्हणून निभायचं. दुपारी जीव घुसमटायचा आणि डबा स्वतःला वाचवायला बंद व्हायचा. चहा होईपर्यंत निवायचा.

"तुम्ही रात्री घालत होता ना हे?" मी विचारलं.

"रात्री कशाला?" आपा म्हणाल्या. "धूळ काय रात्री येते? दिवसा दार उघडं असतं तेव्हा येते." हे तर्काला धरून होतं. मग त्या थांबल्या आणि डब्याकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे मीच यांचा गळा दाबत होते."

दुपारची सुट्टी झाली तशी बायको त्यांच्याबरोबर घरी गेली. मी झुली काढलेल्या डब्यांसमोर बसून राहिलो. पडदे तसेच चालू राहिले. परत आल्यावर बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्या म्हातारीला एकेक घास द्यायला किती वेळ लागतो माहीत आहे? या बाईंना खाली आणू नका हं."

निघताना आपा दारापर्यंत आल्या. "साहेब, अण्णासाहेबांना झुलीचं सांगू नका. लाईन खराब होती म्हणा. सगळे हसतील."

"लाईन खराब म्हटलं तर शाखा जाते," मी म्हणालो. "झूल म्हटलं तर फक्त झूल जाते."

शिवाय लाईन खराब नव्हती. नसलेली गोष्ट मी कुठल्याही सभेत मांडलेली नाही.

अण्णांच्या केबिनमध्ये भरलेल्या सभेत मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. कारण: आच्छादन. उपाय: काढलं. परिणाम: त्यानंतर एकही डबा बंद नाही. एक संचालक, ज्यांना शाखा खाली आणायची सर्वांत जास्त हौस होती, म्हणाले, "फडक्यानं मशीन बंद पडतं? आता दुरुस्त झालं म्हणून काहीतरी सांगायचं."

अण्णांनी मागच्या टेबलाकडे बोट केलं. "अहो हिशेबवाले, तेच कव्हर माझ्याही डब्यावर आहे. आलं त्या दिवसापासून आहे. माझा डबा एकदा तरी बंद पडला का?"

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. डब्यावर हिमरूची झूल होती आणि ती फार देखणी दिसत होती. काय उत्तर द्यावं हे मला माहीत होतं. ते गोड करून कसं द्यावं हे माहीत नव्हतं.

"नाही पडला," मी म्हणालो. "बंद पडायला आधी चालू व्हावा लागतो, अण्णा."

समोरच्या संचालकांनी पाण्याचा पेला उचलला आणि प्यायला बराच वेळ लावला.

"म्हणजे?" अण्णा म्हणाले.

"पडद्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही."

अण्णा उठले, जवळ गेले, पडद्याला बोट लावून पाहिलं. प्लास्टिक होतं. मला वाटलं, खुलताबाद तर गेलंच, आता माझीही खुर्ची हलणार. पण अण्णांना एक खोड आहे. पैज लागली की ते राग विसरतात.

"काढा प्लास्टिक," ते म्हणाले. "चालू करा. कव्हर राहू द्या. आणि एसी बंद करा. खुलताबादला एसी नाही. बघू हिशेबवाले खरे की मी."

नुसता चालू ठेवला तर डबा आरामात राहील, त्याला काम द्यावं लागेल, असं मी म्हणालो. अण्णांनी काम सुचवलं. मागच्या वार्षिक सभेतल्या त्यांच्या स्वतःच्या भाषणाचं चित्रण टाकीत, म्हणजे मोठ्या संगणकात, साठवलेलं होतं. ते लावलं.

खिडक्या बंद, एसी बंद, बाहेर उन्हाळा. सगळं संचालक मंडळ गोलाकार बसून अण्णांचं भाषण ऐकू लागलं. भाषण सहकाराच्या इतिहासापासून सुरू होत होतं. मी झुलीकडे बघत होतो. आयुष्यात मी कधी मशीन बंद पडावं म्हणून देवाला हात जोडलेले नाहीत. त्या दिवशी टेबलाखाली जोडले. पडद्यावरचे अण्णा ठेवींच्या महत्त्वापर्यंत आले. खोलीतले अण्णा मान डोलावत होते. शाखाविरोधी संचालकांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि ते दर थोड्या वेळानं झुलीवर हात ठेवून बघत होते. माझ्या लक्षात आलं की आता प्रार्थना करणारा मी एकटा राहिलेलो नाही.

"आणि म्हणून, बंधू-भगिनींनो, आपली संस्था कधीही—" पडद्यावरचे अण्णा म्हणाले, आणि पडदा काळा झाला.

खोलीत एक मोठा सुस्कारा सुटला. कोणीतरी धावत जाऊन एसी लावला.

मी झूल उतरवली, डबा निवू दिला, बटण दाबलं, अण्णांचं नाव घातलं. पडदा उजळला. भाषण चालूच होतं, आणि बरंच पुढं गेलं होतं. डबा बंद होता तरी तिकडं टाकीत अण्णा ऐकायला कोणी नसताना बोलत राहिले होते. काम हरवत नाही म्हणतात ते हे, असं मी मंडळाला दाखवून दिलं.

"मधला भाग राहिला की," अण्णा म्हणाले. "महत्त्वाचा होता. मागं घ्या."

शाखाविरोधी संचालक घाम पुसत उभे राहिले. "अण्णा, आधी खुलताबाद शाखा कायम ठेवण्याचा ठराव मंजूर करून टाकू. मी मांडतो."

बाकीच्यांनी अनुमोदन एकाच वेळी दिलं. सूचक-अनुमोदकांची नावं लिहिताना मला अनुमोदक कोण लिहावा हे कळेना.

बाहेर येऊन मी खुलताबादला फोन लावला. आपांनी पहिल्याच घंटेला उचलला.

"साहेब, अण्णासाहेबांचा डबा?"

"बंद पडला," मी म्हणालो.

"पूरा?"

"पूरा. सगळ्यांच्या देखत. शाखा आहे तिथंच राहतेय."

आपांनी ते तसंच्या तसं मामांना ओरडून सांगितलं. मग मामांचा आवाज आला, लांबून, "मग झुली मला द्या आपा. पोळ्याला माझ्या भाच्याच्या गोऱ्ह्याच्या शिंगाला बांधतो."

"गप बसा मामा," आपा म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "ठेवते साहेब. अम्मीच्या जेवणाची वेळ झाली."